कायद्यातला एक शब्द

माले गावी आमच्या नानीच्या शेजारी एक म्हातारी राहायची. पाणी भरायला वेगळी कळशी, निकाहच्या जेवणाला घरून आणलेली थाळी. तिला असं वागायला कुणी सांगत नव्हतं. तिचा रोग केव्हाच बरा झाला होता, फक्त बोटं वाकलेली राहिली होती. "रक्तपिती झाली होती तिला," नानी हळूच सांगायची. उर्दूत आपण जुजाम म्हणतो. आवाज तेवढाच खाली जातो.

१८९० साली मुंबईत वडाळ्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान निघालं, तेच आजचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय. पाठोपाठ १८९८ चा कायदा आला. निराधार रुग्णाला पोलिसाने पकडावं, आश्रमात डांबावं. रुग्णाने खाण्याचे पदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीचं पाणी घेऊ नये, अशी बंदी त्याखाली घालता येई. म्हातारीने हा कायदा वाचला नव्हता, पण तिची कळशी त्याच काळातून आलेली. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं!

आपल्या समाजाशी थेट संबंध असलेला कायदा १९३९ चा. हनफी फिकहप्रमाणे बाईला निकाहातून सुटणं फार अवघड होतं. मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी मताच्या आधाराने वाट दाखवली, काझी मुहम्मद अहमद काझमींनी विधेयक मांडलं आणि मुस्लिम स्त्रीला कोर्टात जाऊन निकाह तोडण्याचा हक्क मिळाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं खर्च देत नसेल, छळत असेल, अशा कारणांमध्ये नवऱ्याचा कुष्ठरोगही होता. त्या काळी त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. कायदा करणाऱ्यांना दोष देणं मला बरोबर वाटत नाही.

पण १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि उपचार सुरू होताच लागण थांबते. तरी तो शब्द कायद्यात राहिला. २०१५ साली विधी आयोगाने अहवाल दिला आणि २०१९ मध्ये इतर चार कायद्यांसोबत आपल्याही कायद्यातून तो काढला गेला. औषध आल्यापासून ३८ वर्षांनी.

यात बाईचा एक हक्क गेला, असं कुणी म्हणेल. खर्च, छळ, बेपत्ता ही कारणं तशीच आहेत. आणि रोग बायकोला झाला तर? तलाक देणाऱ्या नवऱ्याला कारण सांगण्याची सक्ती परंपरेने नव्हतीच. म्हणून बाया चट्टा लपवतात, उशीर होतो, आणि औषधाने टळली असती ती बोटं वाकतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या दंडावर फिकट, बधिर चट्टा दिसला. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आपा, किसीको बोलना मत, शादी कैसी होगी इसकी?" मी दवाखान्यात सोबत गेले. सहा महिने गोळ्या चालल्या, मुलीने शाळा बुडवली नाही. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मात्र आईने शाईने खोडून ठेवलं होतं.