माहुली: कड्यावरून खाली बघा, इतिहास तिथे आहे

ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय. बोललो तसंच लिहिलंय, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं. मागच्या डिसेंबरमधला एक रविवार. पहाटे साडेपाचला आम्ही चौघं पडघ्याच्या नाक्यावर भेटलो. दोन बाइक, चार बॅगा, एक रोप आणि टपरीवरचा कटिंग. पडघा म्हटलं की बाहेरच्या माणसाला काय आठवतं? मुंबई-नाशिक हायवे, टोलनाका, गोडाऊनच्या रांगा आणि शेतांवरून जाणाऱ्या हाय टेन्शन लाइनचे टॉवर. बस. आपण रोज या रस्त्याने जातो आणि रोज मोबाइलमध्ये बघत जातो. पण वासिंद मागे टाकून आसनगावकडे निघालात की एकदा डावीकडे मान वळवा. एक लांबलचक डोंगर दिसेल आणि त्याच्या एका टोकाला सुळक्यांची रांग. तो माहुली. ठाणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, उंची साधारण २,८१५ फूट.

त्या सुळक्यांना लोकांनी नावंही दिलीत. नवरा, नवरी, भटोबा, करवली. म्हणजे अख्खं लग्नाचं वऱ्हाडच दगडात उभं आहे! पलीकडे वजीर नावाचा एक सुळका आहे, तो क्लाइंबिंगवाल्यांचा लाडका.

ट्रेकचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. माहुली गावातून वाट सुरू होते, वन खात्याच्या चौकीवर पावती फाडायची, कारण हा सगळा भाग तानसा अभयारण्यात येतो. मग अडीच-तीन तासांची दमछाक, शेवटी लोखंडी शिडी, आणि वर पोचलं की फोटो. मी पण काढले, खोटं कशाला बोलू! पण आज मला त्या फोटोच्या मागे काय दिसतं त्याबद्दल बोलायचंय. कारण माहुलीचा इतिहास कड्यावर उभं राहून खाली बघितल्याशिवाय कळत नाही, असं माझं मत झालंय. कसं, ते सांगतो.

एक किल्ला की तीन?

वर गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे हा एक किल्ला नाहीच. उत्तरेला पळसगड, मधे माहुली, दक्षिणेला भंडारगड. तिघांच्या मधे खिंडी. महादरवाज्याजवळ पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. दक्षिणेकडे जात राहिलं की खिंडीत कल्याण दरवाजा लागतो. नावातच सगळं आलं ना? कल्याणकडे तोंड करून असलेला दरवाजा.

भंडारगडाच्या टोकाला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. समोर ते सुळके, आणि त्यांच्या खाली सरळ तुटलेला कडा. शिवाय तानसाचा तलाव. १८९२ पासून मुंबईला पाणी देतोय तो. खाली हायवे, रेल्वे, आणि धुरकट दक्षिणेला भिवंडी-कल्याणचा सपाट मुलूख. दुसऱ्या बाजूला कसाऱ्याकडे जाणारी वाट, म्हणजे थळघाट. कोकणातला माल घाटावर न्यायचा तर जे मोजके रस्ते होते, त्यातला हा एक मोठा. खाडीच्या बंदरातून निघालेलं सामान कल्याण-भिवंडीहून शहापूरमार्गे थळघाट चढून नाशिककडे जायचं. आज तेच सामान कंटेनरमधून जातं, एवढाच फरक.

आमच्यातला एकजण म्हणाला, "अरे, एवढा कडा असताना हा किल्ला कुणी घेणार कसा?" प्रश्न बरोबर आहे. पण गंमत बघा. हा किल्ला हातातून गेलाय, तेही एकदा नाही, अनेकदा. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचं कारण वर नव्हतं, खाली होतं.

पहिली गोष्ट: शहाजीराजे, १६३६

१६३३ मध्ये मुघलांनी दौलताबाद घेतलं आणि निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. शहाजीराजांना तसं वाटलं नाही. त्यांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा, मुर्तझा, पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवला आणि त्याच्या नावाने स्वतः कारभार चालवायला घेतला. पुढची जवळपास तीन वर्षं त्यांनी हे राज्य जिवंत ठेवलं. एका बाजूला मुघल, दुसऱ्या बाजूला विजापूर, आणि मधे हा माणूस.

पण १६३६ मध्ये शाहजहान बादशहा स्वतः दख्खनमध्ये उतरला. विजापूरच्या आदिलशहाने त्याच्याशी तह केला. आता दोन्ही फौजा मिळून शहाजीराजांच्या मागे लागल्या. मुघलांकडून खानजमान, विजापूरकडून रणदुल्लाखान. शहाजीराजे घाट उतरून कोकणात आले. पोर्तुगिजांकडे आसरा मागून पाहिला, मिळाला नाही. शेवटी ते माहुलीवर आले. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजेही तेव्हा याच गडावर होते, असं सांगितलं जातं.

आता विचार करा. गड भक्कम आहे, कडा आहे, टाक्यांत पाणी आहे. तरी १६३६ च्या पावसाळ्यानंतर शहाजीराजांनी गड सोडला. का? कारण वेढा पडल्यावर किल्ल्याला वाचवतं ते बाहेरून येणारं कुमक आणि धान्य. आणि इथे बाहेर कुणी उरलंच नव्हतं. ज्याच्याकडे मदत मागायची, तोच विजापूरकर वेढा घालून बसलेला! माहुलीबरोबर त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन, चावंड असे किल्लेही मुघलांना द्यावे लागले. तो लहान निजामशहा मुघलांच्या ताब्यात गेला. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि पुढे त्यांना कर्नाटकात जावं लागलं.

शाळेत आपल्याला ही गोष्ट दोन ओळींत शिकवतात. पण एका राज्याचा शेवट ज्या जागी झाला, ती जागा आपल्या पडघ्यापासून बाइकने तासाभराच्या आत आहे.

दुसरी गोष्ट: लढाई दुसरीकडे, किल्ला इथला, १६६५

पुढे शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी घेतलं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १६५८ मध्ये, माहुली स्वराज्यात आला. क्रम लक्षात ठेवा हं. आधी खालचा मुलूख, मग वरचा किल्ला.

मग आला मिर्झाराजा जयसिंग. १६६५ मध्ये त्याने पुरंदरला वेढा घातला, मुरारबाजी देशपांडे तिथे पडले, आणि जूनमध्ये तह झाला. महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. त्या यादीत माहुली, पळसगड आणि भंडारगड ही नावं वेगवेगळी आहेत. म्हणजे आपण एका रविवारी जे तीन डोंगर फिरतो, ते २३ पैकी तीन किल्ले! माहुलीच्या कड्याला त्या वेळी कुणी हातही लावला नव्हता. लढाई झाली पुण्याजवळ, आणि माहुली गेला कागदावर.

तिसरी गोष्ट: फेब्रुवारी १६७०

आता मूळ मुद्द्यावर येतो.

४ फेब्रुवारी १६७०. ही तारीख आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कोंढाणा. तानाजी मालुसरे रात्री कडा चढले, स्वतः पडले, पण गड आला. त्यावर पोवाडे आहेत, सिनेमे आहेत, स्टेटस आहेत.

त्याच महिन्यात महाराजांनी माहुलीवरही हल्ला केला. तेव्हा इथे मुघलांचा किल्लेदार होता मनोहरदास गौड. सावध आणि अनुभवी राजपूत. रात्रीच्या अंधारात मराठे शिड्या लावून वर चढले. म्हणजे साधारण कोंढाण्यासारखाच डाव. पण इथे वरचे लोक जागे होते. चढून आलेल्यांवर तुटून पडले, कित्येकांना कड्यावरून खाली ढकललं. सुमारे हजार मराठे इथे मेले आणि महाराजांना वेढा उठवावा लागला.

हजार. भंडारगडाच्या टोकाला बसून मी हा आकडा सांगितला तेव्हा आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळापूर्वी तिथेच आम्ही सेल्फी काढत होतो.

तारीख आपण कोंढाण्याची लक्षात ठेवली, कारण गड आला. माहुलीची ठेवली नाही, कारण गड आला नाही. पण चढणाऱ्या माणसाला वर गेल्यावर काय होणार हे माहीत नसतं ना. दोन्हीकडच्या मावळ्यांची हिंमत तितकीच होती. एकीकडे डाव जमला, दुसरीकडे नाही.

मग महाराजांनी काय केलं? पुन्हा त्याच कड्याला जाऊन भिडले का? नाही. ते कल्याण-भिवंडीवर गेले. तिथला मुघल ठाणेदार उझबेगखान मारला गेला आणि हा मुलूख पुन्हा स्वराज्यात आला. माहुलीहून भिवंडीला जायचं तर आजही पडघा वाटेत लागतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्या अंगणातली आहे.

आता कड्यावर बसलेल्या मनोहरदासाच्या नजरेतून बघा. लढाई तर तो जिंकला. पण कल्याण दरवाज्यातून खाली जो मुलूख दिसतो, तो सगळा आता शत्रूचा. धान्य कुठून येणार? माणसं कुठून येणार? थोड्याच दिवसांत त्याने किल्लेदारी सोडली. त्याच्या मनात नेमकं काय होतं ते आपण सांगू शकत नाही, पण त्या टोकावर बसून खाली बघितलं की अंदाज येतो.

त्याच्या जागी अलावर्दी बेग आला. मोरोपंत पिंगळ्यांनी गडाला वेढा घातला. दोन महिने तो चालला आणि १६ जून १६७० ला, पाऊस तोंडावर असताना, माहुली, पळसगड आणि भंडारगड तिन्ही घेतले. अलावर्दी बेग मारला गेला. फेब्रुवारीत जो कडा हजार माणसांना हटला नाही, तोच चार महिन्यांत हातात आला. कडा तोच होता. बदलला होता तो खालचा मुलूख.

मग आपण काय घ्यायचं?

मला वाटतं, आपल्या पिढीला इतिहास रीलमध्ये मिळतो. तीस सेकंदांत एक विजय. त्यात माहुली बसत नाही. इथे शहाजीराजांनी गड सोडला, इथे तहात गड गेला, इथे हल्ला फसला. पण फसलेल्या हल्ल्यानंतर चिडून तीच चूक पुन्हा न करता, खाली उतरून दुसरीकडून सुरुवात करणं, हे मला कोंढाण्याइतकंच मोठं वाटतं. आणि ज्यांची नावं कुठल्याच पोवाड्यात नाहीत अशा त्या हजार जणांची आठवण किमान आपण, इथल्या लोकांनी, ठेवायला हवी. आपण नाही ठेवली तर कोण ठेवणार?

जाता जाता कामाचं सांगतो. पावसाळ्यात वाट निसरडी असते आणि धुक्यात पळसगडाकडे-भंडारगडाकडे जाताना फसायला होतं, म्हणून माहुली गावातला एखादा वाटाड्या सोबत घ्या. त्यालाही चार पैसे मिळतात. कल्याण दरवाज्याच्या बाजूचा कातळटप्पा रोपशिवाय आणि माहितगार माणसाशिवाय करू नका. पाणी तीन लिटर तरी ठेवा. रिकाम्या बाटल्या परत आणा. आणि टोकाला पोचलात की फोटो काढून झाल्यावर दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. कड्याच्या काठापासून दोन पावलं मागे बसा, आणि खाली बघा. हायवे, रेल्वे, आपलं पडघा, पलीकडे भिवंडी. हा किल्ला कुणाकडे राहणार, ते तिथे ठरत होतं.

चला, थांबतो. तुम्ही माहुलीला गेला असाल, किंवा घरातल्या मोठ्यांनी या डोंगराबद्दल काही सांगितलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. काळजी घ्या. जय महाराष्ट्र!