दोघे भेटले, की गट झाला



दारू सुटावी म्हणून आपल्याकडे काय काय करतात ते तुम्हांला ठाऊक आहेच. देवाची शपथ, गळ्यात माळ, भाजीतून चोरून दिलेली पूड, नाहीतर सरळ लग्न लावून देणे! पण दारू पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणी बोलावे, हा उपाय कोणी सांगत नाही. उलट 'त्याच्या नादी लागू नकोस' असेच बजावतात. आज जगभर चालणारा उपाय मात्र नेमका हाच आहे. तो कसा सापडला ते सांगतो.

गोष्ट अमेरिकेतली. एप्रिल १८४० मध्ये बाल्टिमोर शहरातल्या एका गुत्त्यात सहा मित्रांनी ठरवले, आजपासून दारू बंद! त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावाने मंडळ काढले. सभेत दारू सोडलेला माणूस उभा राहून आपली कहाणी सांगे. हे लोण झपाट्याने पसरले. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्डच्या मंडळापुढे एका तरुण वकिलाने भाषण केले. निंदेने माणूस सुधारत नाही, ममतेने सुधारतो, असा त्याचा रोख होता. हा वकील म्हणजे अब्राहम लिंकन! पुढे मात्र दारूबंदीचे राजकारण आणि आपसांतले वाद मंडळात शिरले, आणि दहा वर्षांच्या आत ते जवळजवळ नामशेष झाले.

नंतर जवळपास शतकाने हीच गोष्ट पुन्हा सापडली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरणाऱ्या बिल विल्सनची दारू डिसेंबर १९३४ मध्ये सुटली. मग भेटेल त्या दारुड्याला तो उपदेश करत सुटला. एकाचीही सुटली नाही. पण या खटपटीत त्याची स्वतःची सुटलेली राहिली, हे त्याच्या बायकोने, लोइसने, त्याच्या लक्षात आणून दिले.

मे १९३५ मध्ये तो कामासाठी ॲक्रन गावी गेला. काम फसले, खिशात थोडे डॉलर उरले. हॉटेलच्या एका टोकाला बारमधला गलबला, दुसऱ्या टोकाला गावातल्या चर्चची यादी आणि टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला. त्याने विचारले काय, तर या गावात मला बोलता येईल असा एखादा दारुडा आहे का! फोनवरून फोन करत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंचा पत्ता लागला. दुसऱ्या दिवशी, रविवारी १२ मे रोजी, त्यांच्या घरी डॉ. रॉबर्ट स्मिथ आले. पेशाने सर्जन, आणि पक्के दारुडे. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्री अकरानंतर उठले. बिलने त्यांना उपदेश केलाच नाही, फक्त आपली हकीकत सांगितली. मधे डॉक्टर एकदा घसरले, पण १० जून १९३५ नंतर त्यांनी कधी घेतली नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'ए.ए.', या संघटनेचा जन्मदिवस हाच मानतात.

आम्हा मास्तर मंडळींना उपदेशाची भारी हौस, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटते. नोकरीत असताना पालकसभेनंतर एखादी आई मागे रेंगाळायची आणि हळूच विचारायची, 'गुरुजी, यांना कुठं न्यावं हो?' तिला समजुतीचे शब्द नको असत, पत्ता हवा असे.

मागच्या मंडळाचे जे झाले ते पाहून ए.ए.ने स्वतःला बंधने घालून घेतली. फी नाही, बाहेरची देणगी नाही, राजकारण नाही, नाव जाहीर करायचे नाही. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी लोइसने १९५१ मध्ये 'अल-अ‍ॅनॉन' सुरू केले. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.ची वाट इतर मान्य उपचारांच्या तोडीची, काही ठिकाणी सरसही ठरली.

आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मोठा आर्थिक हात दिला. तिथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढच्यांना हात देतात. घरच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतते. म्हणून आधी डॉक्टर, मग गट. आणि गट शोधताना ए.ए.ची 'खुली' सभा कुठे भरते ते विचारा. तिथे घरच्यांनाही बसता येते. 'बंद' सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असते. पहिल्या गटात मन रमले नाही तर दुसरा पाहावा.

'चार लोक काय म्हणतील' या भीतीने आपल्याकडे कितीतरी घरांनी हे दुखणे उंबऱ्याच्या आत झाकून ठेवले. असे चार लोक शोधा, जे काहीच म्हणणार नाहीत, कारण ते त्याच वाटेने आले आहेत. चार नसले तरी चालेल. ॲक्रनमध्ये दोघेच होते.

असो. ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी आजच एक फोन करावा.