गृहशिक्षण : जबलपूर येथील पालकांसाठी मार्गदर्शन

मुलाला शाळेत न पाठविता घरीच शिक्षण देण्याच्या पद्धतीस गृहशिक्षण असे म्हणतात. जबलपूर येथे आयुध निर्माणी, लष्करी आस्थापना, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आणि उच्च न्यायालय असल्यामुळे बदलीच्या नोकरीतील कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्यांमध्ये मराठी भाषक कुटुंबेही आहेत. वारंवार होणाऱ्या बदल्या, मुलाची प्रकृती, क्रीडा किंवा कलेचा दीर्घ सराव, तसेच मातृभाषेतून शिकण्याची इच्छा या कारणांमुळे काही पालक या पर्यायाचा विचार करतात. निर्णय घेण्यापूर्वी त्यांनी पुढील बाबी समजून घेणे हितावह ठरेल.

कायद्याची स्थिती

राज्यघटनेच्या २००२ मधील ८६ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट करण्यात आला. त्यास अनुसरून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे या कायद्याच्या कलम १० मध्ये नमूद आहे. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांसाठी त्यात शिक्षेची तरतूद नाही. गृहशिक्षणाला स्पष्ट परवानगी देणारे अथवा त्यावर बंदी घालणारे कलमही या कायद्यात नाही.

दिल्ली उच्च न्यायालयातील एका प्रकरणात केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१२ मध्ये प्रतिज्ञापत्र सादर केले. स्वेच्छेने गृहशिक्षणाचा मार्ग निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका त्यात मांडण्यात आली होती. तथापि प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी कर्मचारी घरी आल्यास पालकांना खुलासा करावा लागू शकतो. त्यासाठी अभ्यासाची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

बहुविकलांग अथवा तीव्र दिव्यांग मुलांची स्थिती वेगळी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय स्पष्टपणे देण्यात आला आहे. अशा मुलांच्या पालकांनी जिल्हा शिक्षण कार्यालयाकडे चौकशी करावी.

परीक्षा व प्रमाणपत्र

गृहशिक्षणातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न प्रमाणपत्राचा असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) हे त्याचे प्रमुख उत्तर होय. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेस २००२ मध्ये सध्याचे नाव मिळाले. संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवी या इयत्तांशी समकक्ष आहेत.

माध्यमिक म्हणजे दहावीच्या अभ्यासक्रमासाठी किमान वय १४ वर्षे लागते. आठवीचे प्रमाणपत्र नसल्यास, अभ्यासक्रम पूर्ण करण्याइतके ज्ञान आपणास आहे, अशी स्वयंघोषणा चालते. उत्तीर्ण होण्यासाठी किमान ५ विषय आवश्यक असून प्रवेश ५ वर्षांपर्यंत वैध राहतो. या अवधीत परीक्षेच्या ९ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण कायम राहतात. माध्यमिक स्तरावर मराठी हा विषय उपलब्ध आहे, ही जबलपूरच्या मराठी कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाची बाब होय. मध्य प्रदेश शासनाचे स्वतंत्र राज्य मुक्त शाळा शिक्षण मंडळही भोपाळ येथे कार्यरत आहे.

वैद्यकीय प्रवेशासाठी मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अपात्र ठरविणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविली. तरीही ज्या अभ्यासक्रमाकडे वळावयाचे आहे, त्याच्या पात्रतेच्या अटी विषय निवडण्यापूर्वीच पाहाव्यात.

घरातील अभ्यास

घरी शाळेचेच वेळापत्रक राबविण्याची आवश्यकता नसते. नियमितपणा मात्र अत्यावश्यक असतो. वाचन, लेखन आणि गणित यांसाठी रोज ठरावीक वेळ राखावा. मुलाचे लेखन, प्रयोगांच्या नोंदी आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी दिनांकासह जपून ठेवावी.

जबलपूरचा परिसर हा अभ्यासाचा मोठा ठेवा आहे. भेडाघाट येथे नर्मदेने संगमरवरी खडक कापून केलेली घळ आणि धुवांधार धबधबा पाहताना भूगोल समजतो. तेथील चौसष्ट योगिनी मंदिरातून कलचुरी काळाची ओळख होते. भारतातील पहिले डायनासोरचे जीवाश्म १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना जबलपूर येथेच आढळले होते. राणी दुर्गावती संग्रहालयातील शिल्पेही मुलांना दाखविण्याजोगी आहेत.

निर्णयापूर्वी विचार

गृहशिक्षणासाठी घरातील एका प्रौढ व्यक्तीचा पुष्कळ वेळ खर्च होतो. बहुधा ती जबाबदारी आईवर येते आणि प्रसंगी तिला नोकरी सोडावी लागते. हा खर्च पुस्तकांच्या खर्चापेक्षा मोठा असतो. समवयस्क मुलांचा सहवास क्रीडांगण, वाचनालय किंवा संगीतवर्ग यांतून जाणीवपूर्वक मिळवून द्यावा लागतो. शाळेत होणारा त्रास हे एकमेव कारण असेल, तर प्रथम शिक्षकांशी बोलणे अथवा शाळा बदलणे पुरेसे ठरू शकते.

परतीचा मार्गही खुला ठेवावा. शाळा सोडल्याचा दाखला व जन्माचा दाखला जपून ठेवावा. याच कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. ही हमी प्राथमिक शिक्षणापुरतीच, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीतील थेट प्रवेश त्या त्या मंडळाच्या नियमांवर अवलंबून असतो. म्हणून मूल १२ ते १३ वर्षांचे होईपर्यंत पुढील मार्ग निश्चित करावा. दरवर्षी एकदा मुलासह बसून आढावा घ्यावा आणि घरी शिकावे की शाळेत जावे, याविषयी त्याचे मत विचारावे.