पासंग : तराजूंतला आणि विजेच्या मंडलांतला

भारजा नदीच्या मुखाशीं वसलेल्या केळशींत सुपारी तोलावयाची, तर पूर्वीचा दुकानदार आधीं रिकामा तराजू उचलून पाही. कांटा कलला, तर हलक्या बाजूस खडा बांधून तो समतोल करी. ह्या खड्याला, आणि त्यानें झांकलेल्या विषमतेलाही, पासंग म्हणत. खडा न बांधल्यास कोणीतरी नाडलें जाई. मग दुकानदाराच्या मनांत कपट असो वा नसो.

त्या जागीं आज विजेचा कांटा आला, तरी पासंग गेला नाहीं. ह्या कांट्याच्या तबकाखालीं धातूची पट्टी असते. भारानें ती किंचित् वांकते, तिच्यावर चिकटविलेल्या तारांचा रोध बदलतो, आणि दोन टोकांमध्यें विभवांतर उत्पन्न होतें. पट्टी १० किलोची व पुरवठा ५ व्होल्टांचा असेल, तर पूर्ण भाराला तें साधारणतः १० मिलिव्होल्ट, म्हणजे किलोला अवघा १ मिलिव्होल्ट. तें वाढविण्यासाठीं डिफरन्शियल ॲम्प्लिफायर लागतो. दोन प्रवेशांवरील व्होल्टेजांचा फरक तेवढा तो वाढवितो. त्याची दांडी म्हणजे ट्रान्झिस्टरांची जुळी जोडी. परंतु तंतोतंत सारखे दोन ट्रान्झिस्टर कधीं घडत नाहींत. त्यांच्या क्षेत्रफळांत शेकडा ४ फरक पडला, कीं दोन्ही प्रवेश एकत्र जोडले असतांही त्यांच्यांत सुमारें १ मिलिव्होल्टाचा फरक असल्यासारखें मंडल वागतें. हेंच इनपुट ऑफसेट व्होल्टेज. रिकाम्या तबकावर किलोभर सुपारी!

ही जोडी ट्रान्झिस्टरांहून जुनी आहे. इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन यानें १९३६ सालीं निर्वात नळ्यांच्या अशा जोडीचें पेटंट मागितलें. नळ्या तापत, जुन्या होत, आणि समतोल घटकेघटकेला ढळे. १९४९ मध्यें अमेरिकेंत गोल्डबर्ग यानें नामी तोड काढली. मंद व्होल्टेज कंप पावणाऱ्या स्विचानें तोडून प्रत्यावर्ती करावयाचें, वाढवावयाचें आणि पुन्हा सरळ करावयाचें; नळीचा स्वतःचा स्थिर पासंग त्यांत मिसळत नाहीं.

१९६८ सालीं आलेल्या, डेव्ह फुलगार यानें रचलेल्या ७४१ ह्या चिपेला पासंग काढण्यासाठीं दोन पायच राखून ठेविलेले होते. त्यांस बाहेरून बदलता रोध जोडून तो पिळावयाचा. दोष बहुधा १ मिलिव्होल्टाच्या आसपास, पण ५ पर्यंतही चालत असे. हा स्क्रू खड्याचाच वंशज, आणि त्याहून लबाड : मार्गशीर्षांतल्या पहांटे साधलेला समतोल वैशाखांतल्या दुपारीं टिकत नसे. १९७५ मध्यें जॉर्ज एर्डी यानें ओपी-०७ ची प्रत्येक चिप कारखान्यांतच मोजून, आंतले सूक्ष्म डायोड विजेच्या ठोक्यांनीं कायमचे जोडून, चांगल्या प्रतींत दोष ७५ मायक्रोव्होल्टांखालीं आणला. वरच्या हिशेबानें ७५ ग्रॅम.

सुपारीच्या व्यापारांत तेवढेंही थोडें नव्हे. म्हणून कांट्यावर शून्याचें बटण असतें. रिकाम्या तबकाचा आंकडा लक्षांत ठेवून तो वजा करावयाचा, एवढेंच तें करतें. दांडी सरळ करीत नाहीं. पत्र्याखालीं यंत्र तापलें, कीं तें पुन्हा दाबावें लागतें.