दंतमूळ छिद्रणाच्या दुरुस्तीची द्रव्ये

दंतमूळ छिद्रण म्हणजे दाताच्या आतील पोकळी आणि दाताभोवतीच्या ऊती यांच्यामध्ये अनैसर्गिक मार्ग निर्माण होणे. रूट कॅनाल उपचारात नलिकेचे तोंड शोधताना किंवा पोस्ट बसविण्यासाठी जागा करताना उपकरण भरकटल्यास असे छिद्र पडते. खोलवर गेलेली कीड व मुळाचे शोषण ही त्याची अन्य कारणे होत. या वाटेने जंतू हाडापर्यंत पोहोचतात, तेथील हाड झिजते आणि छिद्र बुजविले न गेल्यास बहुधा दात काढावा लागतो.

दुरुस्तीचे द्रव्य गळती रोखणारे, ऊतींना न बाधणारे आणि क्ष-किरण चित्रात दिसणारे असावे लागते. मात्र खरी कसोटी ओलाव्याची असते. छिद्रापलीकडे जिवंत ऊती असल्यामुळे तेथे रक्त व द्रव झिरपत राहतो आणि कोरडी जागा क्वचितच मिळते.

== जुनी द्रव्ये ==
अमाल्गम पूर्वी सर्रास वापरले जाई. ते दाताला चिकटत नाही, कालांतराने गंजते व हिरडीवर काळसर डाग पाडू शकते. जस्त ऑक्साइड व युजेनॉल यांपासून बनणाऱ्या सिमेंटांनी (आयआरएम, सुपर ईबीए) गळती काहीशी कमी केली, परंतु त्यांच्या सान्निध्यात नवे ऊतक जोमाने वाढत नाही. ग्लास आयोनोमर दाताशी रासायनिक बंध साधते; तथापि घट्ट होताना रक्त लागल्यास तो बंध कमजोर पडतो.

== एमटीए ==
मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट अर्थात एमटीए हे द्रव्य अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केले. मुळाच्या बाजूकडील छिद्रांवरील त्याच्या प्रयोगांचा अहवाल १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७५ टक्के पोर्टलँड सिमेंट, २० टक्के बिस्मथ ऑक्साइड व ५ टक्के जिप्सम असते. सिमेंट पाण्यानेच घट्ट होत असल्याने जो ओलावा इतर द्रव्यांना घातक ठरतो, तोच येथे उपयोगी पडतो. त्याचा सामू १२.५ पर्यंत चढतो आणि त्याच्या पृष्ठभागावर मुळाच्या बाह्य आवरणासारखे ऊतक, म्हणजे सिमेंटम, तयार होऊ शकते. (बांधकामाचे सिमेंट मात्र शुद्धीकरण केलेले नसल्याने त्याला पर्याय ठरत नाही.)

त्याचे दोषही ठळक आहेत. कालवल्यावर ते ओल्या वाळूसारखे सुटे राहते, घट्ट होण्यास पावणेतीन तासांच्या आसपास वेळ घेते आणि बिस्मथमुळे दात काळवंडू शकतो. हिरडीतून तोंडात उघडणाऱ्या छिद्रात ते घट्ट होण्यापूर्वीच धुऊन जाण्याचा धोका असतो. अशा जागी आजही ग्लास आयोनोमर किंवा रेझिन-मिश्रित प्रकार अधिक योग्य मानले जातात.

== बायोडेंटिन व तयार पुट्टी ==
फ्रान्समधील सेप्टोडाँट कंपनीचे बायोडेंटिन ट्रायकॅल्शियम सिलिकेटवर आधारित आहे. द्रवातील कॅल्शियम क्लोराइडमुळे ते सुमारे १२ मिनिटांत घट्ट होते. बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड असल्याने दाताचा रंग फारसा बिघडत नाही. परंतु क्ष-किरण चित्रात ते एमटीएइतके स्पष्ट उठून दिसत नाही. कालविण्याची गरज नसलेल्या बायोसिरॅमिक पुट्ट्या हाताळण्यास सर्वांत सोप्या असून आसपासच्या ओलाव्यावरच घट्ट होतात. त्या तुलनेने महाग आहेत.

== द्रव्यापलीकडील घटक ==
छिद्राचा आकार, स्थान आणि ते बुजविण्यास लागलेला अवधी यांवरही यश अवलंबून असते. फुस व ट्रोप यांनी १९९६ साली याच तीन घटकांवर वर्गीकरण मांडले. जबड्याच्या हाडाच्या काठाशी किंवा दाढेच्या मुळांच्या दुभागाशी पडलेले मोठे, जुने छिद्र उत्तम द्रव्य वापरूनही दगा देऊ शकते, तर मुळाच्या टोकाकडील लहान, ताजे व लगेच बुजविलेले छिद्र बहुधा बरे होते. छिद्र मोठे असल्यास द्रव्य हाडात ढकलले जाऊ नये म्हणून आधी कोलॅजन किंवा कॅल्शियम सल्फेटचा आधार देतात.