आमच्या आभाळातला आवाज

इतिहास म्हटला की आम्हा हिंगोलीकरांच्या नजरेपुढे औंढ्याचे नागनाथाचे देऊळ उभे राहते, नर्सीचे नामदेव आठवतात, फार तर निजामाच्या काळातली इथली लष्करी छावणी आठवते. दगडाला इतिहास असतो तसा आवाजालाही असतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. दगड जागेवर राहतो, आवाज विरून जातो. म्हणून त्याची बखर कोणी लिहीत नाही. या दिवाळीत त्या विरलेल्या आवाजांची थोडी नोंद करावी असे मनात आले. निमित्त आहे हिंगोलीतल्या एका लहानशा यंत्राचे.

२८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशभरातल्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे एकाच वेळी उद्घाटन केले. त्यांत आमची हिंगोली होती. प्रत्येक प्रक्षेपकाची शक्ती १०० वॅट. म्हणजे पूर्वी माजघरात लावीत त्या मोठ्या पिवळ्या दिव्याएवढी. एवढ्याशा गोष्टीचे काय कौतुक, असे मुंबई-पुण्याच्या वाचकाला वाटेल. पण आमच्या आभाळात कोणाकोणाचे आवाज येऊन गेले, हे पाहिले म्हणजे त्या दिव्याचे मोल कळते.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. आम्ही तेव्हा निजामाच्या मुलखात. हैदराबादचा ‘डेक्कन रेडिओ’ १९३५ साली बोलू लागला आणि पुढे औरंगाबादलाही केंद्र झाले. कारभाराची भाषा उर्दू, तेव्हा नभोवाणीवरही तिचाच वरचष्मा. देश स्वतंत्र झाला त्या वेळी भारतातल्या संस्थानांची स्वतःची पाच नभोवाणी केंद्रे होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. पाचांपैकी दोन एकट्या निजामाची! १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीहून स्वातंत्र्याचा उद्घोष झाला, पण आमच्या आभाळावर राज्य दुसऱ्याच आवाजाचे होते. ते संपायला आणखी तेरा महिने लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली, तीही हैदराबादच्या नभोवाणीवरूनच. १ एप्रिल १९५० पासून ते केंद्र ‘ऑल इंडिया रेडिओ’कडे आले.

पुढची गोष्ट थोडी मन खट्टू करणारी आहे. १९५६ च्या आरंभी पुण्याच्या केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक मोठा प्रयोग झाला. युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी एकत्र बसायचे, शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचे, आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडायचे. ऐकणाऱ्याला बोलता करणारी ही कल्पना जगभर वाखाणली गेली. पण त्या पाच जिल्ह्यांत आम्ही नव्हतो. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात.

मराठवाड्याच्या बोलीतला आवाज आम्हांला खऱ्या अर्थाने लाभला तो परभणीला आकाशवाणी केंद्र झाल्यावर. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. माझे बालपण १९८० नंतरचे. आमच्या घरचा रेडिओ कोनाड्यात असे आणि त्याच्यावर आजोबांची सत्ता. आवाज बसला की ते रेडिओ हळूहळू फिरवीत. एका विशिष्ट कोनात परभणी स्पष्ट बोले. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे काम आम्हां पोरांचे. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की ओसरीवर शेजारपाजारचे चार जण येऊन टेकत. बोलणारा माणूस आपल्यासारखाच बोलतो, याचे त्यांना अप्रूप वाटे.

परभणीचे प्रक्षेपण १३०५ किलोहर्ट्झवर, म्हणजे मध्यम लहरींवर. ही लहर सुमारे २३० मीटर लांबीची. ती वारकऱ्यासारखी जमिनीला धरून चालते, टेकडी आडवी आली तर वळसा घालते आणि दूरच्या वाडीपर्यंत पोचते. दोष एकच. तिच्यात आवाज बसवलेला असतो तो लहरीच्या उंचीत. वीज चमकली की तीही त्या उंचीत भर घालते, आणि रेडिओ खरखरतो. मृगाच्या तोंडावर, पेरणीसाठी हवामानाचा अंदाज ऐकण्याची निकड असते नेमकी तेव्हाच, आभाळ गडगडते आणि निवेदकाचे शब्द त्यात बुडून जातात! आता तर घरोघरचे चार्जर आणि एलईडी दिवेही त्या खरखरीत आपली भर घालतात.

या दुखण्यावर औषध शोधले अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँगने. १९३३ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. त्याने आवाज लहरीच्या उंचीत न ठेवता तिच्या कंपनसंख्येच्या चढउतारात ठेवला. मग विजेने उंची कितीही हलवली तरी शब्दाला फारसा धक्का नाही. हेच एफएम. भारतात ते प्रथम मद्रासला आले, २३ जुलै १९७७ रोजी. मुंबई केंद्राला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी. हिंगोलीपर्यंत यायला त्याला आणखी शेहेचाळीस वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट. आजच्या तरुणांच्या खिशातला मोबाइल मध्यम लहरी पकडीतच नाही. पुष्कळ मोबाइलांत एफएम मात्र लागते. त्यामुळे जी पिढी रेडिओपासून तुटली होती, तिच्या कानापर्यंत जाण्याची वाट या यंत्राने मोकळी केली. हे त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण मी शाळामास्तर; हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. ९१ प्रक्षेपकांनी मिळून सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटर मुलूख व्यापला, असे उद्घाटनाच्या वेळी सांगण्यात आले. एकाच्या वाट्याला सरासरी आले ३८५. आमचा जिल्हा सुमारे साडेचार हजारांचा. म्हणजे जिल्ह्याचे बारा वाटे केले तर त्यातला जेमतेम एक! एफएमची लहर अवघी तीन मीटरची. ती बॅटरीच्या झोतासारखी सरळ जाते आणि टेकडीमागे सावली पडते. वसमतकरांना नांदेडचे एफएम केंद्र तरी जवळ. सेनगाव-औंढ्याकडच्या डोंगराआडच्या वाडीने काय करावे?

हे विचारण्याचे कारण आहे. गेल्या काही वर्षांत देशातले अनेक मध्यम लहरींचे प्रक्षेपक जुने झाले म्हणून बंद करण्यात आले. नवी सून आली म्हणून कोणी सासूला घराबाहेर काढीत नाही. शहराला स्वच्छ आवाज मिळाला, याचा आनंद आहेच; परंतु त्याची किंमत वाडीवरच्या म्हाताऱ्याने मोजू नये. त्याच्या ओसरीपर्यंत एफएम पोचेतो परभणीची मध्यम लहर जपली पाहिजे.

दुसरे मागणे याहून मोठे आहे. हिंगोलीतले यंत्र स्वतः बोलत नाही. दुसरीकडून आलेला कार्यक्रम ते पुढे सोडते. हैदराबाद, मुंबई, पुणे, परभणी, सर्वांचे आम्ही ऐकले. पुण्याच्या त्या प्रयोगात गावकरी बोलला, त्याला आता सत्तरएक वर्षे होत आली. दिवसातून तासभर का होईना, हळदीच्या भावाबद्दल, कयाधूच्या पुराबद्दल, शाळेतल्या मुलांच्या पाठांतराबद्दल हिंगोलीने हिंगोलीशी बोलावे. १०० वॅटचा दिवा घरात लागला आहे खरा. त्याच्या उजेडात आता घरच्या माणसांचे तोंड दिसू द्या.