बेंजो : एक नांव, दोन वाद्यें

ठाणें ते कल्याण या खाडीकांठच्या टापूंतील एखाद्या आगरी-कोळी गांवीं हळदीच्या रात्रीं जाण्याचा ज्यांना योग आला असेल, त्यांना बेंजोची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मांडवापुढें वादकांचा ताफा उभा असतो. कोणाच्या गळ्यांत ढोल, कोणापाशीं ताशा, कोणापुढें विजेवर चालणारा कीबोर्ड; आणि मध्यभागीं एकजण लांबट पेटीसारख्या वाद्याच्या कळा एका हातानें दाबीत व दुसऱ्या हातानें तारा छेडीत असतो. गाणारा बहुधा कोणीच नसतो. कोळीगीतांतून चित्रपटांतील गाण्यांत, त्यांतून देवीच्या आरतींत आणि तेथून एखाद्या विलायती ठेक्यांत हीं मंडळी ताल न मोडतां शिरतात. या ताफ्यास 'बेंजो पार्टी' म्हणतात.

ठाण्या-डोंबिवलीच्या सुशिक्षित घरांत या आवाजाचें स्वागत पुष्कळदां खिडक्या लावून होतें. आम्हीही कित्येक वर्षें तेंच करीत आलों. परंतु २०२४ च्या फेब्रुवारींत एक वार्ता आली आणि आमचें मन थोडें अस्वस्थ झालें. झाकीर हुसेन, बांसरीवादक राकेश चौरसिया, एडगर मायर व बेला फ्लेक या चौघांच्या 'अ‍ॅज वुई स्पीक' या ध्वनिमुद्रिकेस अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें. झाकीर हुसेन मुंबईचे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ते निवर्तले. त्यांच्या गौरवानें आम्हांस धन्यता वाटली, हें योग्यच झालें. पण त्यांच्या जोडीस बसलेल्या फ्लेक यांच्या हातांत कोणतें वाद्य होतें, याचा विचार करूं लागतांच आम्ही थबकलों. तें वाद्य बँजो होय.

याच फ्लेक यांनीं १९८८ सालीं 'फ्लेकटोन्स' नांवाचा ताफा उभारला होता. अमेरिकेच्या ग्रामीण मुलखांतील ब्लूग्रास, न्यू ऑर्लिन्स शहरांत वाढलेला जॅझ आणि कृष्णवर्णीयांच्या नृत्यसंगीतांतून निघालेला फंक या तिन्हींचा मेळ त्यांनीं घातला, आणि तोही मुख्यतः शब्दांवांचून. त्यांचे सहकारी रॉय वूटन हे गिटारच्या आकाराच्या एका यंत्रावर बोटांनींच तालवाद्यांचे ध्वनि काढीत. नाना जातींचें संगीत एकत्र आणणारा, विजेच्या यंत्रांचा विटाळ न मानणारा असा हा ताफा. त्याचें वर्णन वाचतांना आम्हांस आमच्या खिडकीखालून जाणारी मिरवणूक आठवली.

वस्तुतः या दोन वाद्यांत रक्ताचें नातें नाहीं. अमेरिकेंतील बँजोचें मूळ आफ्रिकेंत. गुलाम करून नेलेल्या लोकांनीं आपल्या देशच्या आठवणीनें भोपळ्यावर कातडें ताणून तें वाद्य परमुलखांत पुन्हां उभें केलें. एकोणिसाव्या शतकांत गोरे नट तोंडास काळें फांसून त्याच गुलामांची टवाळी करण्यासाठीं तें रंगभूमीवर वाजवूं लागले. पुढें १९२५ सालीं लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'हॉट फाइव्ह' ताफ्यांत त्यास स्थान मिळालें. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हे बिल मन्रो यांच्या मंडळींत आले आणि त्यांच्या तीन बोटांच्या वादनानें ब्लूग्रासचें रूप ठरून गेलें. गुलामाच्या झोंपडींतून सभागृहापर्यंतचा हा प्रवास शतकांचा आहे.

आमच्या बेंजोची वाट निराळी. जपानांत १९१२ सालीं तैशो सम्राटाचें युग सुरू झालें, आणि त्याच सुमारास नागोया येथील गोरो मोरिता यांनीं टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून एक तंतुवाद्य तयार केलें. त्या युगाच्या नांवावरून त्यास 'तैशोगोतो' म्हणतात. तें हिंदुस्थानांत आलें व 'बुलबुलतरंग' झालें. बलुचिस्तानांत त्याचाच वाढविलेला अवतार 'बेंजू' या नांवानें लोकसंगीतांत मानानें नांदूं लागला. आमच्याकडे अमेरिकन वाद्याचें नांव त्यास चिकटलें. विजेची जोड मिळतांच त्याचा टणत्कार ढोल-ताशांच्या गर्जनेवरही ऐकूं येऊं लागला, आणि घरांतील लहानसें वाद्य मिरवणुकीचें नायक बनलें.

या वाद्यावर एक आक्षेप असा कीं, कळांनीं बांधलेल्या स्वरांत मींड कोठून येणार? आक्षेप खरा आहे. पण तो नवा नाहीं. याच जातीच्या कारणांनीं १९४० सालीं आकाशवाणीनें हार्मोनियमला दार बंद केलें, आणि तें अंशतः उघडावयास १९७१ साल उजाडलें. गोविंदराव टेंबे यांच्या बोटांनीं ज्या महाराष्ट्राला पेटीचें वेड लावलें, त्यास सांगावयास नको कीं, वाद्याची उणीव भरून काढणें हें वादकाच्या हातीं असतें.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. तो मात्र आम्ही शिरसावंद्य मानतों. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक वाजूं नयेत, हा २००० सालच्या नियमांचा दंडक आजारी माणसांच्या व अभ्यास करणाऱ्या मुलांच्या हिताचा आहे. परंतु गोंगाट हा बेंजोचा एकट्याचा गुण नव्हे. मिरवणुकींत जेथें वादकांच्या जागीं ध्वनिक्षेपकांच्या भिंती व मुद्रित गाणीं आलीं, तेथें आवाज वाढला आणि वाजविणाऱ्यांची रोजी मात्र गेली.

शिवाय एक अडचणीचा प्रश्न स्वतःस विचारणें प्राप्त आहे. १९९९ साली डोंबिवलींत गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली. अशा यात्रांतून ढोल-ताशांच्या पथकांत आमचींच मुलें-मुली अभिमानानें वाजवितात, आणि त्या वेळीं आम्ही खिडक्या उघडून उभे राहतों. तेव्हां आमचा राग ढोलावर नसून ढोल कोणाच्या गळ्यांत आहे यावर तर नाहीं ना? अमेरिकेंत बँजोस खालचें ठरविणाऱ्यांनींही वाद्यापेक्षां वाजविणाराच अधिक पाहिला होता.

रवी जाधव यांनीं २०१६ सालीं 'बँजो' नांवाचा हिंदी चित्रपट काढून या वादकांना पडद्यावर आणलें. पण एका चित्रपटानें इतिहासाचें काम भागत नाहीं. फ्लेक आपल्या वाद्याचें मूळ धुंडाळीत २००५ सालीं आफ्रिकेंतील चार देश हिंडले. आम्हांस इतकें दूर जावयाचें नाहीं. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा किंवा डोंबिवलीजवळचें आयरे गांव येथवर पायींही जातां येतें. तेथील वयोवृद्ध वादकांपाशीं बसून, कोणीं कोणापासून हात उचलला, वाद्यांत काय काय फेरफार केले, धवलारिणीच्या गाण्याशेजारीं ही सुरावट कशी आली, हें लिहून घेणें एवढेंच काम आहे. तें यंदाच्या उन्हाळी सुटींत आमच्या विद्यार्थ्यांवर सोंपविण्याचा आमचा विचार आहे. आणि पहिल्या दिवशीं त्यांच्याबरोबर आम्हीही जाणार आहों. खिडकी लावून घेण्याची संवय ज्यांची जुनी, त्यांनींच दार उघडून आधीं बाहेर पडावें, हें न्यायाचें आहे.